दुसऱ्या संचाने वाजवलेला टँगो

पुण्यातील एका तंतुवाद्य-चौकडीत व्हायोलिन वाजवणाऱ्या वाचकाने विचारले आहे: "आम्हाला आधुनिक टँगो वाजवायचा आहे, पण जिकडे पाहावे तिकडे अर्जेंटिनाचा संगीतकार आस्तोर पियाझोलाच भेटतो. त्याच्या काळातील इतरांच्या विस्मृत रचना शोधून वाजवणारे काही संच युरोपात आहेत, असे कळते. हे संच नेमके काय करतात? मूळ ध्वनिमुद्रण उपलब्ध असेल, तर तीच रचना पुन्हा वाजवण्याचे कारण काय? आणि टँगोतले भात्याचे वाद्य, म्हणजे बांदोनेऑन, नसलेल्या आमच्यासारख्या चौकडीला यात काही करता येईल का?"

मी रॉटरडॅमच्या संगीत अकादमीत टँगोचे शिक्षण घेतले आणि त्यानंतरची बरीच वर्षे अशाच एका लहान संचात व्हायोलिन वाजवण्यात आणि जुन्या रचनांचे स्वरलेखन करण्यात घालवली आहेत. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर देत आहे. प्रश्नाचा मधला भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

ध्वनिमुद्रण म्हणजे एका दिवशी, एका खोलीत, ठरावीक माणसांनी केलेले वादन होय. ते कितीही उत्तम असले तरी त्याने रचना जिवंत राहतेच असे नाही. ज्या माणसांसाठी ती लिहिली गेली त्यांच्यापलीकडचा कोणीतरी ती उचलतो, स्वतःच्या हाताने वाजवतो आणि ती तरीही उभी राहते, तेव्हाच ती वादकांच्या नित्याच्या संग्रहात येते. आधुनिक टँगोत या गोष्टीला विशेष महत्त्व आहे, कारण या संगीताचे बहुतेक रचनाकार स्वतःच आपल्या संचाचे प्रमुख आणि वादक होते. त्यांनी जे लिहिले ते आपल्या पाच, आठ किंवा दहा सहकाऱ्यांच्या हातांसाठी लिहिले, आणि संच मोडला की ते कागद कपाटात गेले.

एदुआर्दो रोविरा याचे उदाहरण घेतो, कारण आपण ज्या प्रकारच्या संचांविषयी विचारले आहे त्यांच्या कामाच्या केंद्रस्थानी आज तोच आहे. रोविराचा जन्म १९२५ साली ब्यूनस आयर्सला लागून असलेल्या लानुस येथे झाला. म्हणजे तो पियाझोलापेक्षा चार वर्षांनी लहान. पियाझोलाप्रमाणेच तोही बांदोनेऑनवादक होता, त्याच्याप्रमाणेच नृत्यासाठी वाजवणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदांमध्ये तयार झाला होता आणि त्याच्याप्रमाणेच टँगो नृत्यगृहातून बाहेर काढून केवळ ऐकण्यासाठी लिहावा असे त्याला वाटत होते. आल्फ्रेदो गोब्बीच्या वाद्यवृंदात त्याने काम केले. गोब्बीच्याच सन्मानार्थ त्याने 'एल एंगोबियाओ' हा टँगो लिहिला आणि गोब्बीने १९५७ मध्ये तो मुद्रित केला. पुढे रोविराने स्वतःचा 'आग्रुपासिओन दे टँगो मोदेर्नो' हा संच उभा केला. बारा स्वरांच्या क्रमावर आधारलेली युरोपीय पद्धत त्याने टँगोत आणून पाहिली. १९६८ च्या 'सोनिको' या तबकडीवर त्याने इलेक्ट्रिक गिटार आणि डबल बास यांच्या जोडीने बांदोनेऑनचा आवाज विद्युत उपकरणांतून बदलून वाजवला. १९८० साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, तो ला प्लाता शहरात वारला.

या माणसाची एक रचना मात्र कधीच विस्मरणात गेली नाही. 'आ एवारिस्तो कार्रिएगो' हे तिचे नाव. पालेर्मो वस्तीतील साध्या माणसांवर लिहिणाऱ्या आणि १९१२ मध्ये अकाली वारलेल्या एवारिस्तो कार्रिएगो या कवीला ती अर्पण केलेली आहे. ती टिकली, कारण १९६९ मध्ये ओस्वाल्दो पुग्लिएसेच्या वाद्यवृंदाने ती मुद्रित केली आणि पुढे आपल्या कार्यक्रमांतून वाजवत राहिला. तिथून ती जगभर गेली. आज टँगो नाचणाऱ्या कित्येकांना ती पाठ असते, मात्र रोविराचे नाव त्यांपैकी अनेकांना ठाऊक नसते. त्याच माणसाच्या त्याच तोडीच्या इतर रचना दुसऱ्या कोणी उचलल्या नाहीत आणि त्या मागे पडल्या. गुणवत्तेचा निवाडा काळ करतो, असे आपण सहज म्हणतो. या क्षेत्रात मला तसे दिसलेले नाही. इथे निवाडा केला तो बहुधा कागद कोणाच्या हाती लागले यानेच.

पियाझोलाची गोष्ट वेगळी ठरली त्यामागेही हेच कारण आहे. त्याची प्रतिभा निर्विवाद आहे, तिच्याविषयी मला एक शब्दही कमी बोलायचा नाही. परंतु १९७४ च्या सुमारास तो इटलीत राहायला गेला, त्याची स्वरलेखने युरोपात छापली गेली, त्याने अभिजात संगीताच्या वादकांसाठी मुद्दाम लिहिले आणि त्याच्या निधनानंतर, १९९० च्या दशकात, गिडॉन क्रेमर आणि यो-यो मा यांच्यासारख्या वादकांनी त्याचे संगीत मुद्रित केले. आपल्यासारख्या चौकड्यांच्या हाती येणारी 'फोर, फॉर टँगो' ही रचनाही त्याने क्रोनोस चौकडीसाठी लिहिली होती. म्हणजे दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या संचापर्यंत त्याचा कागद पोहोचला. रोविराचा पोहोचला नाही. टँगोचा पियानोवादक ओरासिओ साल्गान याच्या पहिल्या वाद्यवृंदाचे तर याहून वाईट झाले: १९४४ ते १९४७ या काळात चाललेल्या त्या वाद्यवृंदाचे एकही ध्वनिमुद्रण निघाले नाही, १९५० मध्ये त्याने नवा वाद्यवृंद बांधला, तेव्हा कुठे त्याचे वादन तबकडीवर आले.

ब्रुसेल्समधील 'सोनिको' हा संच २०१५ पासून नेमके हेच काम करतो आहे. त्याचे नावच रोविराच्या त्या १९६८ च्या तबकडीवरून घेतलेले आहे आणि 'ला ओत्रा वान्ग्वार्दिया', म्हणजे 'दुसरी नवधारा', या नावाचा रोविराच्या रचनांचा संग्रह त्याने प्रसिद्ध केला आहे. हे शीर्षक मला फार नेमके वाटते. रोविरा पियाझोलाची सावली नव्हता. पियाझोलाच्या संगीतात आठ ठोक्यांचे तीन-तीन-दोन असे गट पाडणाऱ्या आघातांची जी सततची धडक असते, तिच्यावर रोविरा तितका विसंबत नाही. त्याचे लक्ष एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र स्वररेषांकडे असते, आणि त्यामुळे त्याचे संगीत पहिल्या ऐकण्यात कमी पकडते, पण पाचव्या ऐकण्यात सोडत नाही. ज्या संचाला हे वाजवायचे आहे त्याने पियाझोलाची सवय बाजूला ठेवूनच बसावे लागते. आमच्या संचाला ते जमायला एक संपूर्ण हंगाम लागला.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. पहिला टप्पा कागद शोधण्याचा असतो. टँगोच्या वाद्यवृंदांमध्ये संपूर्ण स्वरपत्रिका पुष्कळदा नसतेच. प्रत्येक वादकासमोर फक्त त्याचा स्वतःचा हस्तलिखित पार्ट असतो, नकलनवीसाने रात्रीतून उतरवलेला. संच मोडल्यावर हे पार्ट वेगवेगळ्या घरांत जातात. दोन व्हायोलिनांचे मिळतात, चेलोचा मिळत नाही. बांदोनेऑनचा मिळाला तर त्यावर पेन्सिलीने खोडून तीन जागी नवे स्वर लिहिलेले असतात, आणि हा बदल रचनाकाराने सुचवला की एका संध्याकाळी वेळ कमी होता म्हणून कोणी केला, हे कळायला मार्ग नसतो. तीन मिनिटांच्या तबकडीसाठी केलेली काटछाट पुढे सर्वांनी मूळ समजून चालवली, असेही होते. म्हणून प्रत्येक खोडीपाशी थांबून विचार करावा लागतो. अशा वेळी आम्ही दोन्ही पाठ लिहून ठेवतो आणि दोन्ही वाजवून पाहतो.

याच टप्प्यावर परवानगीचा प्रश्न येतो आणि तो टाळू नये. अर्जेंटिनात रचनाकाराच्या निधनानंतर सत्तर वर्षे हक्क टिकतात; म्हणजे रोविराच्या रचना २०५० साल संपेपर्यंत संरक्षित आहेत. तिथे १९३६ मध्ये स्थापन झालेली 'सादाइक' ही गीतकार-संगीतकारांची संस्था हे काम पाहते. दुसऱ्या कोणी केलेल्या वाद्यरचनेवर त्या माणसाचा वेगळा हक्क असू शकतो, हेही लक्षात ठेवावे. वारसांना आधी पत्र लिहिले, काय करायचे आहे ते प्रामाणिकपणे सांगितले, तर कागदाची पेटी उघडण्याची शक्यताही वाढते, असा माझा अनुभव आहे.

कागद मिळालाच नाही तर ध्वनिमुद्रणावरून स्वरलेखन करावे लागते. वरचा आवाज सर्वांना ऐकू येतो. खरे कष्ट असतात ते मधल्या आणि खालच्या आवाजांसाठी. साठच्या दशकातील मुद्रणात डबल बासचा स्वर पियानोच्या डाव्या हाताखाली दबतो आणि बांदोनेऑनच्या डाव्या हाताची गुच्छस्वरे चेलोत मिसळतात. एका रचनेत आम्ही जवळजवळ वर्षभर बासची एक ओळ चुकीची वाजवत होतो. पुढे एका निवृत्त वादकाच्या घरी त्याचा जुना पार्ट पाहायला मिळाला, तेव्हा समजले की आम्हाला जो बास वाटत होता तो पियानो होता आणि बास त्या चार मात्रा गप्पच होता. त्या शांततेमुळे सबंध वाक्याचा अर्थ बदलला.

मुद्रणाच्या वेगाचीही अडचण असते. तबकडीवरून उतरवताना वेग थोडा जरी वाढला तरी सगळी रचना दोन स्वरांच्या मधेच कुठेतरी वाजू लागते, आणि मूळ स्वरपट्टी कोणती हे ठरवता येत नाही. इथे व्हायोलिनवादकाचा कान कामी येतो. मोकळ्या तारेचा नाद बोटाने दाबलेल्या तारेपेक्षा वेगळा असतो. एखाद्या जोडस्वरात खालची तार मोकळी वाजते आहे असे ओळखू आले की पट्टी निश्चित होते.

यापुढचा टप्पा सर्वांत मोठा आहे, आणि माझ्या मते विस्मृत टँगो पुन्हा वाजवणाऱ्या संचाची खरी परीक्षा इथेच होते. टँगोच्या कागदावर टँगो पुरता लिहिलेला नसतो. चार मात्रांचे चार सारखे स्वर लिहिलेले दिसतात, त्यांना मार्कातो म्हणतात. पुग्लिएसेच्या वाद्यवृंदात, १९४६ मध्ये मुद्रित झालेल्या 'ला युंबा'मध्ये ऐकावे, पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर संपूर्ण वाद्यवृंद जड पावलाने टेकतो आणि त्या मात्रेच्या आधीच बास व तंतुवाद्ये खालून तिच्याकडे ओढत येतात. या ओढीला आरास्त्रे म्हणतात. ती केव्हा सुरू करायची, किती खरखरीत ठेवायची, हे लिहिता येत नाही. लवकर सुरू झाली तर आघात मवाळ होतो, उशिरा झाली तर ती केवळ एक घसट उरते. त्याचप्रमाणे चालीतले आठ सारखे स्वर कोणीही सारखे वाजवत नाही. सुरुवात रेंगाळते, मध्य धावतो आणि शेवट मात्रेवर येऊन मिळतो, तोही एकट्याने नव्हे, चार व्हायोलिनांनी एका श्वासात. याला फ्रासेओ म्हणतात. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकातील बंदीश जशी लिहिली आहे तशी कोणी मैफलीत गात नाही आणि तरीही पुस्तकाशिवाय ती बंदीश आपल्यापर्यंत आली नसती, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. रॉटरडॅमच्या त्या अकादमीत टँगोच्या शेजारीच भारतीय संगीताचाही विभाग आहे, त्यामुळे हे साम्य तिथे शिकताना मला रोज दिसत असे.

तंतुवाद्यांचे काही आवाज तर असे आहेत की ते नुसते चिन्ह पाहून अभिजात वादकाला उमगणार नाहीत. घोडीच्या मागे, तारेला जिथे दोरा गुंडाळलेला असतो, तिथे गज दाबून घासला की रातकिड्यासारखी कोरडी किरकिर निघते. तिला चिचारा म्हणतात. तारेला शेजारून नख लावून ती छेडली की लहानशा ढोलासारखा ठोका येतो, तो तांबोर. वरच्या तारेवरून बोट झपाट्याने वर नेऊन सोडले की चाबूक ओढल्यासारखा आवाज होतो, तो लातिगो. हे अलंकार नाहीत. टँगोत स्वतंत्र तालवाद्य बहुधा नसते, ते काम या आवाजांनी करायचे असते. म्हणून ते कापऱ्या हाताने, संकोचून वाजवले की संपूर्ण संचाचा ताल कोसळतो.

हे सारे पुस्तकातून शिकता येत नाही म्हणूनच ब्यूनस आयर्समध्ये २००० साली सुरू झालेल्या वाद्यवृंद-शाळेचे मोल मला फार वाटते. एमिलिओ बाल्कार्से या ज्येष्ठ व्हायोलिनवादकाच्या मार्गदर्शनाखाली ती उभी राहिली आणि आज त्यांचेच नाव तिला आहे. १९४९ पासून जवळजवळ वीस वर्षे ते पुग्लिएसेच्या वाद्यवृंदात होते. जुन्या वाद्यवृंदांच्या मूळ रचना तरुणांसमोर ठेवायच्या आणि ज्यांनी त्या प्रत्यक्ष वाजवल्या होत्या त्यांना शेजारी बसवायचे, एवढी साधी ती पद्धत होती. बाल्कार्से २०११ मध्ये वारले. त्यांच्या पिढीतले फारच थोडे लोक आता उरले आहेत. रोविराबाबत ही अडचण अधिक तीव्र आहे: त्याच्यासोबत वाजवलेली माणसे मुळात मोजकी, त्यांची शैली कोणत्याही शाळेत गेली नाही. तिथे गोब्बी आणि पुग्लिएसे यांच्या शैलीपासून आरंभ करून, रोविराची स्वतःची मुद्रणे पुन्हा पुन्हा ऐकून, मधले अंतर अंदाजाने भरावे लागते. हा अंदाज आहे, असे कार्यक्रमपत्रिकेत स्पष्ट लिहावे, अशा मताचा मी आहे.

आता बांदोनेऑनविषयी, कारण आपल्या चौकडीची खरी काळजी तीच आहे. आपली पेटी आणि बांदोनेऑन ही दोन्ही एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वाद्ये, दोहोंत हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पात्यांतून सूर निघतो. साम्य मात्र तिथेच संपते. प्रचलित बांदोनेऑनला ७१ कळा असतात, उजव्या हाताला ३८ आणि डाव्या हाताला ३३. भाता उघडताना आणि मिटताना बहुतेक प्रत्येक कळ वेगळा स्वर देते. दोन्ही हात कळांवर असतात आणि दोन्ही हातच भाताही चालवतात. वादक बहुधा भाता उघडत वाजवतो, मांडीवरून वाद्याचा भार खाली सोडून आघात देतो आणि हवेची झडप दाबून पटकन मिटवून घेतो. त्यामुळे वाक्ये कुठे तुटतात, आघात कुठे पडतात, हे पुष्कळदा या हालचालीवर ठरते. पेटीचा एक हात भात्यात अडकलेला असल्याने ती या जागी चालणार नाही. सॅक्सनीतील कार्ल्सफेल्ड येथील आल्फ्रेड आर्नोल्डच्या कारखान्यात बनलेली जुनी वाद्ये आजही सर्वाधिक मानली जातात, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्या कारखान्यातील हे उत्पादन बंद पडले. तेव्हा पुण्यात एखादे वाद्य मिळवून शिकू म्हणणे सोपे नाही.

तरीही चौकडीने मागे हटू नये. रोविराच्या स्वतंत्र स्वररेषांच्या लेखनामुळे त्याच्या काही रचना चार तंतुवाद्यांवर उतरवता येतात, आणि पियाझोलाच्या आघातप्रधान रचनांपेक्षा त्यांचे नुकसानही कमी होते. फक्त बांदोनेऑनची ओळ पहिल्या व्हायोलिनला सरसकट देऊ नये. तिचा मधला पट्टा व्हायोलाला शोभतो आणि उघडत्या भात्याचा जो फुगत जाणारा स्वर आहे तो व्हायोलावर गजाच्या एका लांब ओढीत बराच जवळून साधतो. चेलोवादकाने बासचे आरास्त्रे शिकून घ्यावे. टँगोत ते काम सर्वांत जबाबदारीचे आहे.

निवड करताना मात्र कठोर राहावे. विस्मृत आहे म्हणून प्रत्येक रचना पुन्हा वाजवण्यासारखी असते, असे नाही. माझे मत विचाराल तर नव्या तंत्राचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी लिहिलेल्या रचना, मग त्या रोविराच्या असोत वा इतर कोणाच्या, आज सर्वांत जुन्या वाटतात. त्याच्या संथ रचना, जिथे तंत्र मागे राहते आणि चाल पुढे येते, त्या मी आधी घेईन.

सुरुवात म्हणून एक काम सुचवतो. पुग्लिएसेचे १९६९ चे 'आ एवारिस्तो कार्रिएगो' लावा आणि पहिल्या सोळा मापांचे, म्हणजे चार-चार मात्रांच्या सोळा गटांचे, स्वरलेखन चौघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांचे न पाहता करा. मग चारही कागद एका टेबलावर ठेवा. जिथे चौघांचे जुळते तिथे कागदाने काम केले आहे. जिथे जुळत नाही, विशेषतः मात्रेच्या आधीच्या त्या अर्ध्या क्षणात, तिथे वाद्ये हातात घेऊन, मुद्रण बंद करून, चौघांना पटेपर्यंत ती एकच जागा वाजवत राहा. आमच्या संचात अशा एका जागेसाठी तीन सरावांच्या संध्याकाळी गेल्या होत्या.